नवेगाव बांधला डोंग्यांचे फोटो काढायचेत? आधी हे वाचा

नागपूर-रायपूर महामार्गावर कोहमाऱ्याला उतरून लोक नवेगाव बांधकडे वळतात ते वाघ आणि पक्षी बघायला. तलावात उभ्या असलेल्या नावांकडे मात्र फारसं कुणी कॅमेरा वळवत नाही. खरंतर गोंदिया-भंडारा म्हणजे तलावांचा मुलूख. नवेगावचा हा तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं मानलं जातं. इथल्या ढिवर समाजाची रोजीरोटी अशा तलावांवरच चालते.

पारंपरिक डोंगा म्हणजे एकाच लाकडाच्या ओंडक्याला कोरून केलेली अरुंद नाव. तो पाण्याच्या जेमतेम वर असतो, त्यामुळे उभं राहून फोटो काढला की निव्वळ काळी रेघ दिसते. काठावर बसा, मोबाईल गुडघ्याच्या उंचीवर आणा. मग डोंग्याचा आकार आणि वल्हवणाऱ्याची पाठ, दोन्ही नीट येतात. नाव जिकडे चालली आहे, तिकडे फ्रेममध्ये मोकळी जागा ठेवा.

वेळ पहाटेचीच. वारा सुटण्याआधी पाणी आरशासारखं असतं आणि प्रतिबिंब अखंड मिळतं. सूर्य समोर असेल तर स्क्रीनवर उजेडाच्या जागी बोट ठेवून ब्राइटनेस खाली ओढा. नाव आणि माणूस काळ्या छायेत उठून दिसतील. जाळं फेकतानाचा क्षण एका क्लिकमध्ये सापडत नाही, त्यासाठी बर्स्ट मोड वापरा. डिजिटल झूम मात्र विसरा! त्यानं फोटो फक्त फुटतो.

आता महत्त्वाचं. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात नाव उलटून तरुण बुडाले. त्याआधी नावेतूनच त्यांचं फेसबुक लाईव्ह सुरू होतं. अरुंद नावेत एक जण सेल्फीसाठी उठला किंवा सगळे एका बाजूला सरकले, की तोल जायला क्षणही पुरतो. त्यामुळे डोंग्याचा फोटो काठावरूनच काढा. पर्यटकांच्या बोटीत बसलात तर लाईफ जॅकेट घाला आणि बोट चालू असताना जागा सोडू नका. जॅकेट फोटोत वाईट दिसतं, ही तक्रार ऐकूच नका.

मासेमारी करणारा माणूस कामावर आलेला असतो. आधी विचारा, नको म्हणाला तर मोबाईल खाली. पसरलेल्या जाळ्यावर पाय देऊ नका. हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी पाण्यावर असतात. चांगली फ्रेम मिळावी म्हणून त्यांना उडवणं हा तर निव्वळ त्रास. आणि हा परिसर व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे, तेव्हा ड्रोन बॅगेतून काढण्याआधी वनविभागाची परवानगी घ्या.

फोटो चांगला आला तर त्या नाववाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवा. पुढच्या खेपेला जाळं कधी टाकणार, हे तोच सांगेल.