नोंदवहीतले नाव : माथाडी कायद्याचा चेन्नईमार्गे दिल्लीपर्यंतचा प्रवास

भारतातील कामगार चळवळीच्या इतिहासात चेन्नईचे स्थान मोठे आहे. बकिंगहॅम व कर्नाटिक गिरण्यांतील कामगारांना घेऊन बी. पी. वाडिया यांनी २७ एप्रिल १९१८ रोजी ‘मद्रास लेबर युनियन’ स्थापन केली. दुपारच्या जेवणाला पुरेशी सुट्टी मिळत नाही, हे त्या कामगारांचे एक साधे गाऱ्हाणे होते. १ मे १९२३ रोजी सिंगारवेलर यांनी याच शहराच्या किनाऱ्यावर भारतातील पहिला कामगार दिन साजरा केला. आणि १९५९ पासून मरिनावर शिल्पकार देवीप्रसाद रायचौधुरी यांचे ‘श्रमाचा विजय’ हे शिल्प उभे आहे.

त्या शिल्पात चार माणसे अंगचे सारे बळ लावून एक प्रचंड शिळा हलवीत आहेत. ही माणसे गिरणीतली नव्हेत. ज्यांना ठरावीक मालक नाही, हजेरीपट नाही, अशा अंगमेहनती मजुरांचे ते रूप आहे. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये कारखाने अधिनियम आला, त्याच वर्षी कर्मचारी राज्य विमा अधिनियमही आला. पण दोन्हींचा लाभ ज्याचा मालक कागदावर सापडतो त्यालाच मिळाला. शिळा हलवणारा मजूर बाहेरच राहिला.

ही उणीव केवळ अनास्थेमुळे राहिली असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रशासनापुढे खरोखरच एक कोडे होते. आज एकाच्या दुकानी, उद्या दुसऱ्याच्या वखारीत राबणाऱ्या मजुराची पाठ मोडली, तर जबाबदार कोणाला धरायचे? अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर दुखापतीचा खर्च मालाच्या किमतीत धरलाच जात नाही. तो मजुराच्या घरावर पडतो. हा खर्च मालाच्या किमतीत कसा आणायचा, याचे पहिले समर्थ उत्तर महाराष्ट्राने दिले, याचा आपल्याला सार्थ अभिमान असावा.

मुंबईच्या बाजारांत डोक्यावर ओझी वाहणाऱ्या माथाडी कामगारांना अण्णासाहेब पाटील यांनी संघटित केले. त्या लढ्यातून १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा जन्मास आला. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. कामगारानेही नाव नोंदवायचे आणि मालकानेही. मजुरी मंडळाकडे जमा व्हायची. तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मालकाने भरायची. त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, उपचार यांची सोय व्हायची. मंडळावर मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समसमान. मालक कितीही बदलले तरी मंडळ कायम, हे त्या कोड्याचे उत्तर होते.

पुण्यात याच काळात डॉ. बाबा आढाव यांची हमाल पंचायत काम करीत होती. क्विंटलाचे पोते माणसाच्या पाठीवर नको, हा तिचा आग्रह होता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली होती. पण जिनिव्हातील शिफारस भवानी पेठेत आपोआप पोहोचत नसते. पोते किती जड, हे ज्याच्या मणक्याला कळते त्यानेच ते संघटितपणे सांगावे लागते. पंचायतीने १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू केली, तीही याच समजुतीतून. स्वस्त आणि पोटभर जेवण हा कष्टकऱ्याच्या आरोग्याचा पहिला उपचार असतो. बाबा ८ डिसेंबर २०२५ रोजी गेले. पंचायतीचा धडा मात्र आजही तितकाच कामाचा आहे.

माथाडी कायद्याची कल्पना तामिळनाडूत पोहोचली ती १९८२ साली. तामिळनाडूने त्या वर्षी अंगमेहनती कामगारांसाठी याच धर्तीवर कायदा केला. त्यापूर्वीच तेथील गवंडी, बिगारी आणि ‘सित्ताळ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मजूर बायका संघटित होऊ लागल्या होत्या. त्यांच्या रेट्यामुळे १९९४ मध्ये बांधकाम कामगारांचे कल्याण मंडळ स्थापन झाले. बांधकामाच्या खर्चावर अंशदान घ्यायचे आणि त्यातून अपघाती मृत्यू, बाळंतपण, मुलांचे शिक्षण, चष्मा यांसाठी मदत द्यायची, अशी ही व्यवस्था. पुढे धोबी, न्हावी, शिंपी, रिक्षाचालक यांच्यासाठीही मंडळे झाली. व्याप्तीच्या बाबतीत तामिळनाडूने आपल्याला मागे टाकले, हे मोकळेपणाने मान्य करावे.

पण प्रवासात एक गोष्ट गळाली. कायद्याच्या नावात ‘रोजगाराचे नियमन’ हे शब्द होते. व्यवहारात मंडळाने ‘कल्याण’ तेवढे हाती घेतले. मुंबईचे मंडळ मजुरी वाटत होते, म्हणून कोण कुठे राबतो हे त्याला ठाऊक असे. चेन्नईचे मंडळ मदत वाटत होते. त्यामुळे मजूर त्याला भेटे तो बहुधा दुर्घटनेनंतर.

ही उणीव काही अंशी लोकांनीच भरून काढली. जया अरुणाचलम यांनी १९७८ मध्ये मद्रासमध्ये ‘वर्किंग विमेन्स फोरम’ स्थापन केला. भाजी-फुले विकणाऱ्या, विड्या वळणाऱ्या बायकांना कर्ज मिळवून देणे हे त्याचे मूळ काम. पण बाईचे आजारपण कर्जफेड बुडवते हे ध्यानात येताच फोरमने वस्तीतल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. बाहेरून आलेल्या परिचारिकेला जे सांगायला बाई संकोचते, ते शेजारणीला सहज सांगते. लोकसहभाग म्हणतात तो याहून वेगळा नाही.

तिसरा टप्पा दिल्लीचा. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्या नेतृत्वाखाली १९८५ पासून बांधकाम मजुरांसाठी केंद्रीय कायद्याची मोहीम चालली. तिची मागणी माथाडीच्या वळणाची होती : रोजगाराची नोंद व नियमन त्रिपक्षीय मंडळाकडे असावे. १९९६ मध्ये कायदा झाला, सोबत उपकराचाही कायदा झाला. बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर बसला. नियमनाची मूळ मागणी मात्र मान्य झाली नाही. मालक व कामगार यांची संयुक्त सुरक्षा समिती सक्तीची केली, तीही ५०० किंवा अधिक मजूर असतील तेथेच. भारतातली बहुसंख्य बांधकामे या रेषेखाली राहिली.

परिणाम काय झाला? १९ मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोंदवले की ३७,४०० कोटी रुपयांहून अधिक उपकर जमला आणि त्यांतले सुमारे ९,५०० कोटीच खर्च झाले. मुंबईहून चेन्नई आणि चेन्नईहून दिल्ली या वाटेवर निधी वाढत गेला आणि सहभाग आटत गेला. पैसा होता, तो कोणाच्या हाती द्यायचा हे सांगणारी वस्तीपातळीची नोंदवही नव्हती.

२८ जून २०१४ रोजी चेन्नईच्या मौलिवाक्कममध्ये बांधकाम चालू असलेली अकरा मजली इमारत कोसळली. ६१ माणसे मेली. आंध्र आणि ओडिशातून आलेल्या मजुरांचा त्यांत मोठा वाटा होता. दोष इमारतीच्या रचनेत होता, आणि मजूर तो आकडेमोडीने ओळखू शकत नाही हे खरे. पण तडा गेलेला खांब आणि डुगडुगणारी परात सर्वांत आधी त्यालाच दिसते. ज्याला तामिळ येत नाही, जो कोणत्याही संघटनेत नाही, ज्याचा मुकादम हाच त्याचा एकमेव ओळखीचा माणूस आहे, तो ते सांगणार कोणाला?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आणि १९९६ चा कायदा त्यांत सामावला गेला. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘ई-श्रम’वर तीस कोटींहून अधिक नावे नोंदली गेली आहेत. ही कामगिरी लहान नाही. परंतु इतिहास सांगतो की नाव नोंदवणे ही अर्धीच वाट आहे. नोंदवही ज्याच्या हाती आहे तो माणूस कामगाराला ओळखणारा हवा. आणि नोंदवहीच्या दुसऱ्या पानावर मालकाचेही नाव हवे. माथाडी मंडळाने ही दोन्ही पाने एकत्र बांधली होती. नव्या नियमांत ती पुन्हा बांधता येतील, त्यासाठी नवा शोध लागायला नको.

महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेले आपण बहुतेकजण कधी ना कधी घर बांधतो, दुरुस्त करतो, भिंत पाडतो. त्या वेळी आपण मालक असतो, ही गोष्ट आपल्या लक्षात राहत नाही. कंत्राटदाराला दर विचारताना आणखी एक प्रश्न विचारावा : तुमच्या किती मजुरांची नावे मंडळाकडे नोंदलेली आहेत? आणि परातीवर चढणाऱ्या मजुराला, त्याच्या भाषेत, परात पक्की आहे का, एवढे विचारावे. उत्तर ऐकून घेण्याइतका वेळ मात्र द्यावा.