रुग्णाच्या खाटेभोवती : बीमारिस्तानपासून सीमाभागातील अतिदक्षता विभागापर्यंत

प्रस्तावना

कोणत्याही मोठ्या रुग्णालयात सकाळचे सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे 'राऊंड'. ज्येष्ठ डॉक्टर, त्यांचे साहाय्यक, शिकाऊ डॉक्टर आणि सिस्टर एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जातात. रात्रभरात काय घडले ते सांगितले जाते, कागदपत्रे पाहिली जातात आणि दिवसाचे निर्णय ठरतात. अतिदक्षता विभागात तर या फेरीवर रुग्णाचा जीव अवलंबून असतो. औषध वाढवावे की थांबवावे, श्वासयंत्र काढता येईल का, नळ्या आणखी किती दिवस ठेवाव्यात, हे सारे तेथेच ठरते. बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांच्या मनात मात्र एकच प्रश्न असतो : मोठे डॉक्टर काय म्हणाले?

ही प्रथा पाश्चात्त्य वैद्यकाबरोबर आपल्याकडे आली, असा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्णपणे चूक नाही, पण अपुरा आहे. प्रस्तुत लेखात या प्रथेच्या इतिहासाचा थोडक्यात आढावा घेतला आहे. तसेच मराठी, उर्दू आणि कन्नड या तीन भाषा एकत्र नांदणाऱ्या बेळगाव-निपाणी परिसरात या फेरीपुढे कोणता प्रश्न उभा राहतो, याचा विचार केला आहे.

राझीची मजलिस

अबू बक्र मुहम्मद बिन ज़करिया अल-राझी (सुमारे ८६५ ते ९२५) हा इराणातील रय्य शहराचा हकीम. रय्य आणि बगदाद येथील बीमारिस्तानांचा तो प्रमुख होता. 'बीमार' म्हणजे आजारी व 'स्तान' म्हणजे स्थान, असा हा फारसी शब्द. दहाव्या शतकाच्या अखेरीस इब्न अल-नदीम याने 'अल-फिहरिस्त' या ग्रंथात राझीच्या मजलिसीचे वर्णन केले आहे. राझीच्या समोर त्याचे शिष्य बसत, त्यांच्यापुढे त्या शिष्यांचे शिष्य आणि त्याही पलीकडे आणखी इतर विद्यार्थी. आलेला रुग्ण आपली तक्रार प्रथम सर्वांत बाहेरच्या रांगेस सांगे. त्यांना उलगडा झाला तर ठीक, नाहीतर प्रश्न आतल्या रांगेकडे जाई. सर्वांचे बोलून झाल्यावरच राझी स्वतः बोले.

या रचनेत गुरूचा मान राखला जात होताच. परंतु बोलण्याचा क्रम उलटा होता. सर्वांत लहान विद्यार्थ्याने आधी बोलावयाचे आणि सर्वांत मोठ्याने शेवटी. ज्येष्ठाने आधीच मत दिले, तर कनिष्ठ आपले निरीक्षण गिळून टाकतो, हा कोणत्याही कार्यालयातला अनुभव आहे. राझीच्या मजलिसीत तसे होण्यास वाव कमी होता. त्याच्या 'किताब अल-हावी' या प्रचंड ग्रंथात प्रत्यक्ष रुग्णांच्या नोंदीही आढळतात. पाहिलेले लिहून ठेवावे व पुढे तपासून पाहावे, ही शिस्त त्या नोंदींतून दिसून येते.

दमास्कसचा नूरी बीमारिस्तान

राझीची मजलिस बसलेली होती. रुग्ण तिच्यापुढे येई. खाटेपासून खाटेपर्यंत जाणाऱ्या फेरीचे स्पष्ट वर्णन दमास्कस येथे मिळते. सुलतान नूरुद्दीन झंगी याने ११५४ साली तेथे बीमारिस्तान उभारला. त्याचा प्रमुख हकीम अबुल मज्द बिन अबिल हकम याच्या दिनक्रमाचे वर्णन इब्न अबी उसैबिआ (मृत्यू १२७०) याने आपल्या वैद्यचरित्रांच्या ग्रंथात केले आहे. हकीम रुग्णांमध्ये फिरे व प्रत्येकाची अवस्था पाही. देखरेख करणारे व सेवक त्याच्यासमोर हजर असत. तो जे औषध व जो आहार लिहून देई, त्याची अंमलबजावणी विनाविलंब होई. त्यानंतर तो बीमारिस्तानच्या मोठ्या दालनात बसे. तेथे वैद्यकाचे ग्रंथ ठेवलेले असत आणि शिष्यांसमवेत तासन् तास चर्चा चाले.

आजच्या राऊंडचे तीन भाग येथे वेगवेगळे ओळखता येतात : खाटेजवळची पाहणी, सेवकांकडून होणारी तात्काळ अंमलबजावणी आणि नंतरची चर्चा. इब्न अबी उसैबिआ स्वतः याच रुग्णालयात शिकला. मुहज़्ज़बुद्दीन अल-दख्वार हा मुस्लिम हकीम व इम्रान अल-इस्राईली हा यहुदी हकीम हे दोघे तेथे रुग्णांविषयी एकत्र विचारविनिमय करीत आणि त्यातून शिष्यांना फार लाभ होई, असे तो नमूद करतो. धर्म भिन्न असूनही रुग्णाच्या खाटेजवळ दोघे एकत्र येत होते.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. बीमारिस्तानातील फेरी हीच आजच्या राऊंडची थेट जननी, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. मध्ये अनेक शतके आणि अनेक देश आहेत. मात्र आजाऱ्याच्या खाटेजवळ अनेकांनी मिळून विचार करावा, ही कल्पना कोणा एका संस्कृतीची मिरासदारी नाही, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

दख्खनचा वारसा

बेळगावचा किल्ला १४७२-७३ मध्ये महमूद गवानने बहमनी राज्यास जोडला. या राज्याच्या राजधानीत, बीदर येथे, त्यापूर्वीच एक मोठा दारुश्शिफा उभा राहिला होता. सुलतान अलाउद्दीन अहमदशाह दुसरा (कारकीर्द १४३६ ते १४५८) याने तो बांधला आणि त्याच्या खर्चासाठी गावांचे उत्पन्न लावून दिले. तेथे मुस्लिम हकीम आणि हिंदू वैद्य अशा दोघांची नेमणूक केली होती, असे इतिहासकार फिरिश्ता लिहितो.

हा फिरिश्ता, म्हणजे मुहम्मद कासिम, विजापूरच्या इब्राहीम आदिलशाह दुसरा याच्या दरबारात होता. तो स्वतः वैद्यकाचा जाणकार होता. त्याने 'दस्तूर-उल-अतिब्बा' हा ग्रंथ लिहून भारतीय वैद्यकाची व येथील औषधांची माहिती फारसीत आणली. ज्या मुलखात उपचार करावयाचे, तेथील वनस्पती व तेथील नावे ठाऊक असली पाहिजेत, ही दृष्टी त्यामागे दिसते. रुग्णाच्या मुलखाची भाषा जाणणे हा वैद्यकाचाच भाग आहे, हा विचार दख्खनमध्ये चारशे वर्षांपूर्वीच मूळ धरून होता.

लेडनपासून मिरज-बेळगावपर्यंत

युरोपात सोळाव्या शतकात पादुआ येथे आणि सतराव्या शतकात हॉलंडमधील लेडन येथे खाटेजवळच्या अध्यापनाला स्थान मिळाले. लेडनमध्ये अठराव्या शतकाच्या आरंभी हरमान बोरहाव्हे केवळ बारा खाटांच्या बळावर शिकवीत असे : सहा पुरुषांच्या व सहा स्त्रियांच्या. ही पद्धत पुढे एडिंबरोला गेली आणि ब्रिटिश डॉक्टरांबरोबर हिंदुस्थानात आली. मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले व जमशेटजी जीजीभाई रुग्णालय ही त्याची शिकवणीची जागा ठरली.

सीमाभागाच्या दृष्टीने मिरजेचे स्थान विशेष आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली तेथे मिशन रुग्णालय उभारले आणि १८९७ साली वैद्यकीय शाळा काढली. बेळगाव मिरजेशी रेल्वेने जोडलेले असल्याने या भागातील रुग्णांना मिरज परकी वाटली नाही. पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. आजाऱ्यांनी मात्र राज्याची सीमा फारशी मानली नाही. निपाणीस कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ, त्यामुळे तेथील रुग्ण कधी कोल्हापूरला, कधी मिरजेला, तर कधी बेळगावला जात राहिले.

बेळगावात के.एल.ई. संस्थेने १९६३ साली जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज स्थापन केले. याच महाविद्यालयाच्या पुढाकाराने २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत १,६२० बाळंतिणींचा अभ्यास झाला. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या देण्याचे काम गावपातळीवरील सहायक परिचारिका-प्रसाविकांनी केले. साध्या गोळीच्या गटात अशा रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्के होते, तर औषधाच्या गटात ते ६.४ टक्के राहिले. हा अभ्यास राऊंडचा नव्हे. तथापि पदाने सर्वांत खालची, पण रुग्णाच्या सर्वांत जवळ असलेली व्यक्ती किती मोलाची असते, हे त्यातून याच मातीत सिद्ध झाले.

अतिदक्षता विभागाचा जन्म आणि पथकाची फेरी

१९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ जण तीन आठवड्यांत दगावले. तेव्हा भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी गळ्याला छिद्र पाडून नळीवाटे हाताने हवा देण्याचा मार्ग सुचविला. त्यासाठी यंत्रे पुरेशी नव्हती. सुमारे १,५०० वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने खाटेशेजारी बसले आणि रबरी पिशवी दाबत राहिले. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. अतिदक्षता विभागाचा जन्म अशा रीतीने एका यंत्रातून नव्हे, तर अनेकांच्या हातांतून झाला.

पुढे यंत्रे आली, औषधे वाढली आणि एकट्या डॉक्टरला सारे लक्षात ठेवणे अशक्य झाले. मग फेरीत परिचारिका, औषधतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट व आहारतज्ज्ञ यांना बरोबरीने स्थान देण्याची पद्धत रूढ होऊ लागली. त्याचे परिणाम मोजलेही गेले. बोस्टनच्या एका रुग्णालयात औषधतज्ज्ञ फेरीत येऊ लागल्यावर औषध लिहिण्यातील चुकांमुळे होणारे टाळण्याजोगे अपाय ६६ टक्क्यांनी घटले (१९९९). बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात २००३ साली असे आढळले की, फेरी संपल्यावर 'आज या रुग्णासाठी काय साधायचे आहे' हे दहा टक्के डॉक्टर-परिचारिकांनाही नीट सांगता येत नव्हते. दिवसाची उद्दिष्टे एका साध्या कागदावर लिहून मोठ्याने वाचण्याचा नियम केल्यावर हे प्रमाण ९५ टक्क्यांपुढे गेले. रुग्णाचा अतिदक्षता विभागातील सरासरी मुक्काम २.२ दिवसांवरून १.१ दिवसांवर आला. पेनसिल्व्हेनिया राज्यातील ११२ रुग्णालयांच्या २०१० सालच्या पाहणीतही, जेथे पथकाची रोजची फेरी होती तेथे मृत्यूचे प्रमाण कमी दिसले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ब्राझीलमधील ११८ अतिदक्षता विभागांत तपासणी-यादी आणि रोजच्या फेरीचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णालयातील मृत्यूच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. केवळ यादीवर खुणा केल्याने जीव वाचत नाहीत, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो.

सीमाभागातील प्रश्न : कोणाची भाषा?

वैद्यकीय शिक्षण इंग्रजीतून होते, म्हणून राऊंडची भाषाही मुख्यतः इंग्रजी असते. बेळगाव-निपाणी परिसरातील रुग्ण मात्र मराठी, कन्नड किंवा दख्खनी वळणाची उर्दू बोलतो. निपाणीच्या तंबाखू वखारीत आयुष्य काढलेली विडी कामगार स्त्री 'दम लागतो' म्हणते, तेव्हा तिला धाप सांगावयाची असते. उर्दू बोलणारी वृद्धा 'दम निकल रहा' म्हणते, तेव्हा ती प्राण जात असल्याची भीती व्यक्त करते. शब्द एकच, आशय वेगळा. 'दिल मतलाता है' या उर्दू प्रयोगात 'दिल' असले तरी तक्रार हृदयाची नसून मळमळीची असते. मराठी 'काळीज' बोलीत हृदयासाठी वापरले जाते, तर उर्दू 'कलेजा' म्हणजे मुळात यकृत. साध्या आजारात असा घोटाळा दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येतो. अतिदक्षता विभागात दुसरा दिवस मिळेलच, याची खात्री नसते.

शिवाय श्वासनलिकेत नळी असलेला रुग्ण बोलूच शकत नाही. अशा वेळी त्याचा पूर्वेतिहास, चालू असलेली औषधे, हकिमाचा काढा किंवा गावातील इंजेक्शन, हे सारे बाहेर बाकावर बसलेल्या आईला, पत्नीला वा मुलालाच ठाऊक असते. तिची भाषा समजणारी व्यक्ती पुष्कळदा वॉर्डातील मावशी किंवा स्थानिक सिस्टर असते. राझीच्या मजलिसीतील सर्वांत बाहेरची रांग ती हीच. तिला फेरीत विचारलेच नाही, तर सर्वांत महत्त्वाची माहिती खाटेपर्यंत पोहोचत नाही.

यावर फार खर्चाचे उपाय लागत नाहीत. प्रत्येक फेरीत रुग्णाची भाषा जाणणारी एक व्यक्ती असावी आणि तिने डॉक्टरांच्या आधी बोलावे. दिवसाची उद्दिष्टे लिहिताना दोन ओळी नातेवाइकांच्या भाषेतही लिहाव्यात. ठरलेल्या वेळी नातेवाइकांना फेरीचा सारांश सांगावा. यात भाषा विभागांनाही काम आहे. बेळगाव-निपाणी परिसरात आजारपणाचे, वेदनेचे आणि भीतीचे जे शब्द बोलले जातात, त्यांचा मराठी-उर्दू-कन्नड-इंग्रजी असा छोटा कोश महाविद्यालयांतील विद्यार्थी सहज तयार करू शकतील. परीक्षेसाठी लिहिलेल्या अनेक प्रकल्पांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

समारोप

राझीची मजलिस, दमास्कसचा बीमारिस्तान, बीदरचा दारुश्शिफा, मिरजेचे मिशन रुग्णालय आणि कोपनहेगनचे विद्यार्थी यांचे काळ व परिस्थिती भिन्न होत्या. एक गोष्ट मात्र सर्वत्र दिसून येते. रुग्णाचे कल्याण एका मोठ्या नावावर नव्हे, तर त्याच्या भोवती जमलेल्या सर्वांच्या ऐकण्यावर अवलंबून राहिले आहे. सीमाभागात भाषांचे वाद अनेक वर्षे चालत आले आहेत. अतिदक्षता विभागातील खाटेजवळ मात्र प्रश्न इतकाच असतो की, आजाऱ्याचे म्हणणे कोणाला समजले. ज्याला समजले, त्याला त्या फेरीत जागा आणि बोलण्याची मुभा मिळाली पाहिजे.