प्रतिजैविके नव्हती तेव्हा

१२ जानेवारी १९२४. येरवडा तुरुंगातल्या ५४ वर्षांच्या एका कैद्याला पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवण्यात आले होते. त्याचे आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, सुजले होते. मुंबईहून ओळखीचे डॉक्टर येईपर्यंत थांबण्यात धोका होता. म्हणून कर्नल मॅडॉक यांनी त्याच रात्री शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. तो कैदी म्हणजे महात्मा गांधी.

शस्त्रक्रिया यशस्वी झाली, पण नंतर त्या जागी गळू झाले आणि प्रकृती अपेक्षेपेक्षा सावकाश सुधारू लागली. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची मुदतीआधीच सुटका केली. इतिहासाच्या तासाला आपण ही सुटका शिकवतो. विज्ञानाच्या तासाला मात्र वेगळाच प्रश्न विचारता येईल. सल्फा औषधे १९३५ च्या सुमारास आली. पेनिसिलिन पहिल्यांदा रुग्णाला टोचून पाहिले गेले ते १९४१ मध्ये. मग १९२४ साली जंतूंशी लढले कोण?

आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जीवाणू सुखाने नांदतात. आतड्याच्या आत आहेत तोवर त्यांचा त्रास नसतो. आंत्रपुच्छ फुटले किंवा आतड्याला भोक पडले, की ते उदरपोकळीत शिरतात. या पोकळीला आतून उदरावरण नावाचे पातळ अस्तर असते. त्याचे क्षेत्रफळ साधारण आपल्या त्वचेएवढे भरते. एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर संसर्ग पसरला, तर जीवाणू आणि त्यांची विषे रक्तात शिरायला वेळ लागत नाही.

पण शरीर स्वस्थ बसत नाही. अस्तरावर फायब्रिनचे चिकट जाळे तयार होते आणि जीवाणू त्यात अडकतात. जठरापासून आतड्यांवर पडद्यासारखी लोंबणारी चरबीची घडी, म्हणजे वपा, सुजलेल्या जागेला येऊन चिकटते. शल्यविशारद तिला ‘पोटातला पोलीस’ म्हणतात. रक्तातून पांढऱ्या पेशींच्या झुंडी येतात आणि जीवाणू गिळू लागतात. पू म्हणजे बव्हंशी याच लढाईत मेलेल्या पेशी. गळू हा म्हणूनच केवळ बिघाड नव्हे. शत्रूला एका जागी कोंडल्याची ती खूण असते. मात्र कोंडलेला शत्रू मेलेला नसतो. पू बाहेर काढावाच लागतो. इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक १९०२ साली याच दुखण्याने पुढे ढकलावा लागला. तेव्हा फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी मुख्यतः तेवढेच केले होते: गळू फोडून पू वाहू दिला.

पेशी जंतू गिळतात, हे तोवर कळून चुकले होते. १८८२ साली इटलीत मेसिना येथे एली मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत बारीक काटे टोचले. दुसऱ्या दिवशी काट्यांभोवती फिरत्या पेशींचा घोळका जमलेला दिसला. या कामासाठी १९०८ साली त्याला पाउल एर्लिखबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

पेनिसिलिन आल्यावर चित्र पालटले. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ ची. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ साली सुरू झाले. म्हणजे तिथे शिकून बाहेर पडलेल्या डॉक्टरांना प्रतिजैविकांविना वैद्यकी करावीच लागली नाही. जंतू मेले की रोगी वाचला, असे समीकरण मनात बसणे साहजिक होते.

रुग्णांनी हे समीकरण खोटे ठरवले. पोट साफ केले, योग्य औषध दिले, रक्तात जीवाणू सापडेनासे झाले, तरी काही रुग्ण दगावतच राहिले. कारण लढाईचा वणवा झालेला असतो. जीवाणूंच्या विषाची चाहूल लागताच पेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडतात. हे निरोप पोटापुरते राहिले तर उपकारक. ते रक्तातून साऱ्या शरीरभर गेले, की रक्तवाहिन्या सैल होऊन पाझरू लागतात, रक्तदाब कोसळतो, बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात, मूत्रपिंडे आणि फुप्फुसे थकतात. हाच सेप्सिस. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येतही जंतूंपेक्षा शरीराच्या बेबंद प्रतिसादावर भर आहे.

मग हा प्रतिसादच दाबला तर? असा एक निरोप्या म्हणजे टीएनएफ हे प्रथिन. त्याला अडवणारी औषधे १९९० च्या दशकात तपासली गेली, पण अपेक्षित यश आले नाही. त्याचे एक कारण असे, की अनेक रुग्णांत वणव्यामागोमाग किंवा त्याच्यासोबतच प्रतिकारशक्तीची दमछाकही होते. अशा दमलेल्या रुग्णाला एरवी निरुपद्रवी ठरणारे जंतूही भारी पडतात. आग विझवायची की फौजेला बळ द्यायचे, हे रुग्णागणिक आणि दिवसागणिक बदलते. म्हातारपण, मधुमेह, कुपोषण आणि उशीर यांमुळे पारडे फिरते. एकाच प्रकारे आतडे फुटलेल्या दोघांपैकी एक घरी जातो आणि दुसरा जात नाही, त्याचे मर्म येथे आहे.

या चार कारणांपैकी उशीर तेवढा आपल्या हाती आहे. बेंबीभोवती सुरू झालेले दुखणे काही तासांत उजवीकडे खाली सरकले, सोबत उलटी वा ताप असला, तर त्या मुलाला एरंडेल किंवा जुलाब देऊ नये. आतडे फुटण्याचा धोका वाढतो. त्याला थेट डॉक्टरांकडे न्यावे. आज अनेक जीवाणू प्रतिजैविकांना दाद देईनासे झाले आहेत. त्यामुळे १९२४ चा धडा पुन्हा ताजा झाला आहे. औषध मदतीला येते, शल्यविशारद घाण काढून टाकतो. जखम मात्र शरीरालाच भरून काढावी लागते. त्याला वेळेवर साथ मिळाली पाहिजे.