मनगटी घड्याळ : एक उपेक्षित ऐतिहासिक साधन

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे ताम्रपट, शिलालेख, सनदा, बखरी आणि दप्तरे आपल्या डोळ्यांसमोर उभी राहतात. ज्या वस्तू सामान्य माणसाने आयुष्यभर अंगावर वागविल्या, झिजविल्या आणि अखेर मुलाच्या हाती सोपविल्या, त्यांना या यादीत स्थान देण्याची आपली पद्धत नाही. मनगटी घड्याळ ही अशीच एक वस्तू होय. जुनी घड्याळे मिळवून ती जमविण्याचा छंद अलीकडे आपल्याकडेही बराच वाढला आहे. तो निव्वळ हौसेचा विषय असता, तर या पृष्ठांत त्याची चर्चा करण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु या छंदाच्या हातून एका कालखंडाचा पुरावा एकीकडे जतन होत आहे आणि दुसरीकडे नष्टही होत आहे, असे आम्हांस दिसते. म्हणून हा विषय शिक्षकांपुढे व अभ्यासकांपुढे मांडीत आहोत.

घटका, पळे, विपळे ही कालाची परिमाणे आपल्याला परकी नाहीत. बुडाशी सूक्ष्म छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडावी आणि ती भरून बुडाली की चोवीस मिनिटांची एक घटका झाली असे समजावे, ही रीत लग्नघरी मुहूर्तासाठी दीर्घकाळ चालत आली. ‘घटका भरली’ हा वाक्प्रचार त्या वाटीनेच भाषेला दिला. मात्र हा काळ सामुदायिक होता. वाटी एक, तिच्यावर लक्ष ठेवणारा एक, आणि टोल ऐकणारे अनेक. आगगाडी व तारायंत्र आल्यावर गावोगावच्या स्थानिक वेळा एका सूत्रात गोवण्याची निकड भासू लागली. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाणवेळ साडेपाच तास पुढे अशी ठरली, तेव्हा आपली घड्याळे ३९ मिनिटे पुढे सारणे अनेक मुंबईकरांना मानवले नाही, आणि ‘बॉम्बे टाइम’ त्या शहरात १९५५ पर्यंत तग धरून राहिला. घड्याळातील वेळ ही केवळ गणिताची बाब नसून ती सत्ता, सवय आणि स्वाभिमान यांचीही बाब आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे. गावाच्या टोलावरून काळ व्यक्तीच्या खिशात आला आणि खिशातून मनगटावर चढला. या दुसऱ्या स्थित्यंतराचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

पुरुषाने मनगटावर घड्याळ बांधणे एकोणिसाव्या शतकाच्या युरोपात जवळजवळ हास्यास्पद मानले जाई. पॅरिसचा विख्यात घड्याळकार ब्रेगे याने नेपल्सची राणी कॅरोलिन म्युरा हिच्यासाठी मनगटी घड्याळ घडविले. १८१० साली मागणी नोंदविलेले हे घड्याळ १८१२ मध्ये पुरे झाले. पुढे कितीतरी वर्षे असली घड्याळे स्त्रियांच्या आभूषणांतच गणली जात. हा समज रणांगणाने मोडून काढला. बोअर युद्धात काही सैनिकांनी खिशातील घड्याळ चामड्याच्या पट्ट्यात बसवून हाताला बांधले. विमानाची सूत्रे दोन्ही हातांत असता खिशात हात घालणार कसा, या सांतोस-द्युमाँ या वैमानिकाच्या अडचणीतून १९०४ साली कार्तिए याने त्याच्यासाठी चौकोनी मनगटी घड्याळ तयार केले. परंतु खरा पालट घडला तो पहिल्या महायुद्धात. तोफांचा मारा केव्हा पुढे सरकणार आणि त्यामागून पायदळाने केव्हा उठावयाचे, याची सांगड मिनिटामिनिटाने घालावी लागे. खंदकात उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला अंधारात वेळ दिसावी म्हणून काट्यांना रेडियमयुक्त लेप आला आणि काच फुटू नये म्हणून तिच्यावर धातूची जाळी आली. सैनिक घरी परतले ते मनगटावर घड्याळ घेऊनच. आणि कालपर्यंत बायकी वाटणारी वस्तू पुरुषार्थाचे लक्षण ठरली. पाणी व धूळ यांपासून सुरक्षित अशी रोलेक्स कंपनीची डबी १९२६ साली आली. हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारे मनगटी घड्याळ इंग्लंडच्या जॉन हारवुड याने त्याच दशकात सिद्ध केले.

हिंदुस्थान या वस्तूची मोठी बाजारपेठ होती. फाव्र-ल्यूबा या स्विस पेढीचा मुंबईशी संबंध १८६५ पासूनचा. वेस्ट एंड वॉच कंपनी तर हिंदुस्थानी गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवूनच व्यापारात उतरली. तिच्या एका घड्याळाचे नाव ‘सोवार’, म्हणजे आपला घोडेस्वार, हे होते. हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटत, म्हणून तबकडी पालथी करता येईल असे ‘रिव्हर्सो’ हे घड्याळ १९३१ साली निघाले, असे सांगतात. तथापि स्वातंत्र्य मिळाले तेव्हाही मनगटी घड्याळ ही परदेशातून येणारी व मोजक्यांनाच परवडणारी चीज होती. घड्याळ परदेशी, त्याला पुन्हा चालते करणारा हात मात्र देशी, अशी ही स्थिती होती.

ती बदलण्याचे श्रेय हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजेच एचएमटी, या सरकारी उद्योगाकडे जाते. यंत्रसामग्री बनविण्यासाठी १९५३ साली बंगळूर येथे स्थापन झालेल्या या संस्थेने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने १९६१ साली घड्याळांचा कारखाना उभारला, आणि पहिल्या घड्याळांचे प्रकाशन पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते झाले. ‘सुजाता’, ‘सोना’, ‘कोहिनूर’, ‘जवाहर’, ‘कांचन’ अशी त्यांची नावे वाचताना एखाद्या वर्गाची हजेरी वाचल्यासारखे वाटते. या सर्वांत ‘जनता’ हे घड्याळ आम्हांस सर्वाधिक अर्थपूर्ण वाटते. रोज चावी देण्याचे, सतरा माणकांचे, दिसायला साधे असे हे घड्याळ. त्याच्या तबकडीवर ‘जनता’ ही अक्षरे देवनागरीत उमटविलेली असत. जी वस्तू श्रीमंतांच्या खिशातील साखळीला लटकत होती, ती आता प्राथमिक शिक्षकाच्या, कारकुनाच्या, एस.टी. वाहकाच्या मनगटावर आली, आणि तीही आपल्या लिपीतील नाव घेऊन आली. एका नवस्वतंत्र राष्ट्राने आपल्या नागरिकाला दिलेले ते एक आश्वासनच होते. परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मुलाला, बोहल्यावर चढणाऱ्या जावयाला, निरोप घेणाऱ्या सहकाऱ्याला द्यावयाची भेट म्हणजे एचएमटीचे घड्याळ, असा एक काळ होता.

या काळाला उतार लागला तो स्फटिकाच्या घड्याळामुळे. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेइको कंपनीने ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे क्वार्ट्‌झ घड्याळ विक्रीस आणले. चावीच्या घड्याळातील तोलचक्र सामान्यतः तासाला १८,००० ठोके देते, म्हणजे सेकंदाला पाच. क्वार्ट्‌झ घड्याळांत पुढे रूढ झालेला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. अचूकतेच्या या शर्यतीत स्प्रिंगेचा टिकाव लागणे शक्य नव्हते. स्वित्झर्लंडमध्येही या उद्योगातील हजारो कामगार बेकार झाले. आपल्याकडे १९८४ साली टायटन कंपनीची स्थापना झाली, तिने क्वार्ट्‌झ घड्याळांवर भर दिला आणि एचएमटीची पीछेहाट सुरू झाली. अखेर जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्यास मान्यता दिली. गमतीची गोष्ट अशी की, हरलेल्या यंत्राविषयीचे प्रेम त्याच्या पराभवानंतरच वाढले. दिवसाला दहा सेकंद चुकणारे जुने घड्याळ दिवसाच्या ८६,४०० सेकंदांपैकी ८६,३९० सेकंदांचा हिशेब चोख देते. इवल्याशा चाकांचे हे कर्तृत्व लक्षात आले म्हणजे संग्राहकांचे वेड अनाठायी वाटत नाही.

येथवर इतिहास झाला. आता त्या इतिहासाच्या साधनाचे काय होत आहे ते पाहू.

जुन्या घड्याळाला मागणी आली की त्याला ‘नवे’ करून विकणारेही पुढे येतात. डाग पडलेल्या, पिवळट झालेल्या तबकडीवरचा मूळ रंग खरवडून काढावयाचा, तिच्यावर भडक रंग चढवावयाचा, मूळ कारखान्याने कधी न काढलेली नक्षी वा चिन्ह छापावयाचे, एका घड्याळाचे काटे दुसऱ्याला आणि तिसऱ्याची डबी चौथ्याला बसवावयाची, असा हा व्यवहार आहे. परदेशांतील संग्राहकांत अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ असे उपहासाचे नावच पडले आहे. पोथ्यांचा अभ्यास करणाऱ्यांना या प्रकाराचे नाव निराळे सांगावयास नको. हा सरळसरळ प्रक्षेप आहे. नक्कल करणाऱ्याने आपल्या पदरच्या ओव्या घुसडाव्या आणि वर मूळ कवीची नाममुद्रा कायम ठेवावी, त्यातलाच हा प्रकार. म्हणून पाठचिकित्सेची शिस्त येथेही उपयोगी पडते. अक्षरांच्या कडा जाड व फुगीर आहेत काय, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी नेमक्या जुळतात काय, तबकडी लखलखीत असून काटे मात्र गंजलेले आहेत काय, तबकडीवर एकवीस माणके लिहिली असता आतील यंत्रावर सतरा कोरलेली आहेत काय, असे अंतर्गत पुरावे ताडून पाहावे लागतात. यंत्र उघडणे हे जाणकाराचे काम. विशेषतः महायुद्धकाळातील रेडियमच्या तबकड्या घरी उघडू नयेत किंवा खरवडू नयेत. त्यांची चमक विझली असली तरी किरणोत्सर्ग विझलेला नसतो. रेडियमचे अर्धे आयुष्य सुमारे १,६०० वर्षांचे आहे.

प्रक्षेपाइतकाच घातक असा दुसराही एक दोष आहे, आणि तो सद्‌भावनेने केला जातो. पुष्कळ घड्याळांच्या पाठीवर अक्षरे कोरलेली आढळतात. सेवानिवृत्तीनिमित्त कोणाकडून तरी सप्रेम भेट, कोणाच्या विवाहाची तारीख, कोण्या गावच्या शिक्षकवृंदाची आठवण. अशा लेखामुळे बाजारात घड्याळाची किंमत उतरते, म्हणून ती पाठ घासून गुळगुळीत करण्यात येते. आम्ही या लेखास घड्याळाचा शिलालेख म्हणू. कंपनीने एका छापाची असंख्य घड्याळे काढली. त्यांतील या एका घड्याळाला व्यक्तिमत्त्व दिले ते या दोन ओळींनी. त्या पुसणे म्हणजे साधन राखून पुरावा जाळणे होय. मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूस दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांनी सुईच्या टोकाने ओरखडलेल्या बारीक खुणा व तारखाही कधी कधी सापडतात. हस्तलिखिताच्या अखेरीस लेखनिक आपले नाव व मिती घालतो, तशीच ही नोंद असते.

संग्रह करावा की वापर करावा, असाही एक वाद या छंदात आहे. दुर्मिळ नगाला पेटीत ठेवून त्याची निगा राखावी हे योग्यच. परंतु रोजच्या वापरासाठीच जन्मलेले घड्याळ काचेआड कायमचे बंद ठेवण्यात आम्हांस औचित्य दिसत नाही. न चालणाऱ्या घड्याळातील तेल थिजते आणि चाके अडखळू लागतात. अधूनमधून साफसफाई करून घेतलेले, पाण्यापासून जपलेले आणि नियमाने चावी दिलेले साधे घड्याळ मात्र पन्नास वर्षांनंतरही कामाला उभे राहते. काचेवरचे चरे, पट्टा बदलल्याच्या खुणा, घामाने उडालेला मुलामा ही त्याची विद्रूपता नव्हे. ती त्याची दिनचर्या आहे. किंबहुना ज्याला संग्राहक ‘रोजचे, रगडायचे घड्याळ’ म्हणून दुय्यम लेखतात, तेच सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. मौल्यवान घड्याळ धन्याची श्रीमंती सांगते. झिजलेले घड्याळ त्याचे काम सांगते.

१८९८ साली इतिहासाचार्य राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. ज्या कागदांना घरोघर रद्दीचे मोल होते, त्यांचे खरे मोल त्यांनी समाजाला दाखवून दिले. यंत्रयुगातील घरगुती साधनांविषयी आज तशाच दृष्टीची आवश्यकता आहे. आजोबांचे घड्याळ कपाटाच्या खणात पडून आहे. ते कोणी, कोठे व कोणत्या निमित्ताने घेतले हे सांगू शकणारी पिढी थकत चालली आहे. आणि डोळ्याला भिंग लावून तोलचक्र बसविणारे कारागीरही दिवसेंदिवस विरळ होत आहेत. वस्तू राहील आणि तिची हकीकत जाईल, हा खरा धोका आहे.

यावर उपाय खर्चाचा नाही. शाळाशाळांतून इतिहासाच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून आपापल्या घरातील एका जुन्या घड्याळाची नोंद करवून घ्यावी : तबकडीवरील व पाठीवरील मजकूर जसाच्या तसा, खरेदीचे साल व गाव, धन्याचा व्यवसाय, दुरुस्तीचा तपशील, आणि ते घड्याळ घरी कसे आले याविषयी वडीलधाऱ्यांनी सांगितलेली माहिती. गावातील घड्याळजींकडे जाऊन त्यांच्या हत्यारांची व बोलीतील नावांची यादीही करावी. भाषेच्या अभ्यासकांना तिचा उपयोग होईल. साहित्यसंस्थांनी अशा नोंदवह्या आपल्या ग्रंथालयात जपून ठेवाव्या. संग्राहकांनीही घड्याळ विकताना व विकत घेताना त्याची हकीकत लिहून सोबत द्यावी-घ्यावी, आणि पाठीवरची अक्षरे घासू नयेत, एवढी आमची त्यांना विनंती आहे.