मॉडचा संसार आणि ओझचा जादूगार

‘द वंडरफुल विझार्ड ऑफ ओझ’ ही गोष्ट आपल्याकडे बहुतेकांना १९३९ च्या सिनेमामुळे ठाऊक असते. वावटळीत घरासकट उडून गेलेली कॅन्ससची डोरोथी, तिचा कुत्रा टोटो, पेंढ्याचं बुजगावणं, पत्र्याचा लाकूडतोड्या आणि भित्रा सिंह. मूळ पुस्तक १९०० सालचं. लेखक लायमन फ्रँक बॉम. पण या पुस्तकाच्या छपाईसाठी लागणारे ठसे करून घेण्याचा खर्च प्रकाशकाने केला नव्हता, तो लेखक आणि चित्रकार यांनी पदरचा केला होता, हे फार थोड्यांना माहीत असतं. मला हे वाचून कळलं तेव्हा पहिला प्रश्न पडला तो वाङ्मयीन मुळीच नव्हता. चार मुलं पदरात असताना असा खर्च करायला निघालेल्या या माणसाची बायको काय म्हणाली असेल?

म्हणून आजचा लेख ओझवर थोडा आणि मॉडवर जास्त. तीस-बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, पण राजाच्या घरचा किराणा कोण भरत होतं हे आमच्या क्रमिक पुस्तकात कधी आलं नाही. ती हौस आता पुरवून घेते.

बॉमचा जन्म १८५६ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या चिटनँगो गावचा. वडिलांनी पेनसिल्व्हेनियाच्या तेलात चांगला पैसा मिळवलेला. मुलाला छपाईचं वेड, म्हणून त्यांनी त्याला एक लहानसं छपाईयंत्र घेऊन दिलं आणि त्यावर तो भावाबरोबर घरगुती वार्तापत्र छापू लागला. पुढे नाटकाचं वेड लागलं. १८८२ मध्ये ‘द मेड ऑफ ॲरन’ नावाचं नाटक त्याने स्वतःच लिहिलं, गाणी स्वतःच केली आणि कामही स्वतःच केलं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मॉड गेजशी लग्न झालं.

ही मॉड साध्या घरची मुलगी नव्हे. तिची आई मटिल्डा जोसलिन गेज अमेरिकेतल्या स्त्रीमताधिकार चळवळीची मोठी पुढारी. एलिझाबेथ कॅडी स्टँटन आणि सुसान अँथनी यांच्याबरोबर तिने त्या चळवळीच्या इतिहासाचे खंड संपादित केले. मुलगी कॉर्नेल विद्यापीठात शिकत होती आणि ते शिक्षण अर्धवट टाकून एका नाटकवाल्याशी लग्न करायला निघाली! आईने विरोध केला, मुलीने ऐकलं नाही. पुढे याच सासूने जावयाला लेखक केलं, ते ओघाने येईलच.

लग्नानंतर पोरंबाळं झाली आणि नाटकाचे दौरे थांबले. १८८८ मध्ये ही मंडळी डकोटा प्रांतात ॲबरडीनला गेली. तिथे बॉमने ‘बॉम्स बझार’ नावाचं दुकान काढलं. खेळणी, शोभेच्या वस्तू, चिनी मातीची भांडी, असा माल. गावात दुष्काळ, लोकांजवळ पैसा नाही आणि मालक उधारीला नाही म्हणायचा नाही. दुकान सव्वा वर्षात बंद पडलं. (ते पुढे मॉडच्या बहिणीने, हेलनने चालवायला घेतलं.) मग बॉमने साप्ताहिक काढलं, ‘ॲबरडीन सॅटर्डे पायोनियर’. तेही १८९१ मध्ये बुडालं.

या साप्ताहिकाबद्दल एक गोष्ट न लिहिता पुढे जाणं मला जमणार नाही. १८९० च्या डिसेंबरात सिटिंग बुल मारला गेला आणि पाठोपाठ वुंडेड नी इथे सू लोकांची कत्तल झाली. तेव्हा बॉमने दोन अग्रलेख लिहिले आणि उरलेल्या आदिवासींनाही संपवून टाकावं असं त्यांत म्हटलं. जगभरच्या मुलांना हसवणाऱ्या, सासूकडून हक्कांची भाषा रोज ऐकणाऱ्या माणसाने हे लिहिलं. मटिल्डा गेज तर मूळ रहिवाशांच्या बाजूने लिहिणारी होती. २००६ मध्ये बॉमच्या वंशजांनी सू लोकांची जाहीर माफी मागितली. काळच तसा होता असं म्हणून मला हे सोडून देववत नाही, कारण त्याच काळात त्याच घरात दुसरा विचार करणारी बाई होती.

१८९१ मध्ये बिऱ्हाड शिकागोला आलं. चार मुलगे, धाकटा त्याच वर्षी जन्मलेला. थोडे दिवस वर्तमानपत्रात नोकरी, मग ‘पिटकिन अँड ब्रुक्स’ या चिनी मातीच्या भांड्यांच्या पेढीचा फिरता विक्रेता. आठवडेच्या आठवडे बाहेरगावी. इकडे मॉड घर सांभाळून भरतकामाचे वर्ग घ्यायची. तो घरी असला की संध्याकाळी मुलं भोवती जमायची, शेजारपाजारचीही यायची, आणि हा गोष्टी रचून सांगायचा. मटिल्डाबाई हिवाळ्यात लेकीकडे राहायला येत. त्यांनी ऐकलं आणि जावयाला सांगितलं, नुसतं सांगू नकोस, कागदावर उतरव. त्याने ऐकलं. साभार परत आलेल्या पत्रांची नोंद ठेवायला त्याने एक वही केली होती आणि तिला ‘अपयशाची नोंदवही’ असं नाव दिलं होतं असं सांगतात.

१८९७ मध्ये पहिलं बालपुस्तक निघालं, ‘मदर गूज इन प्रोज’. त्याच वर्षी त्याने फिरती सोडून दुकानांच्या काचेच्या खिडक्या कशा सजवाव्यात यावर ‘द शो विंडो’ नावाचं मासिक सुरू केलं. घर चालत होतं ते या मासिकावर, परीकथांवर नव्हे. पुढे कपड्यांच्या दुकानांच्या सजावटीवरचं त्याचं जाडजूड पुस्तकही १९०० मध्येच आलं, म्हणजे ओझच्याच वर्षी. मला हे फार आवडलं. एकाच टेबलावर पाचूची नगरी आणि रेशमी कापडाचे तागे!

१८९८ मध्ये त्याने स्वतःच्या कवितांचं एक पुस्तक संपूर्णपणे स्वतःच्या हाताने केलं. खिळे स्वतः जुळवले, घरच्या छोट्या यंत्रावर स्वतः छापलं, बांधणीही स्वतःच केली. कागद, शाई वगैरे सामान निरनिराळ्या मित्रांनी दिलेलं. प्रती फक्त ९९. सगळ्या ओळखीपाळखीत वाटल्या. याच पुस्तकात दोन चित्रं विल्यम वॉलेस डेन्स्लो या चित्रकाराची होती.

इथून खरी गोष्ट सुरू होते. बॉम आणि डेन्स्लोने मिळून लहान मुलांच्या गाण्यांचं ‘फादर गूज’ तयार केलं. रंगीत चित्रांचा खर्च ऐकून प्रकाशक पुढे येईनात. तेव्हा दोघांनी शिकागोच्या जॉर्ज हिल कंपनीशी असा करार केला की छपाईचा खर्च लेखक-चित्रकारांचा, पुस्तक दुकानांत पोचवण्याचं आणि खपवण्याचं काम कंपनीचं. १८९९ मध्ये पुस्तक आलं आणि त्या वर्षी सर्वांत जास्त खपलेल्या बालपुस्तकांत जाऊन बसलं. त्या पैशातून मिशिगन सरोवराकाठी मॅकाटावा इथे उन्हाळ्यासाठी घर आलं. त्यातलं बरंचसं लाकडी सामान बॉमने स्वतः केलं आणि घराला नाव दिलं ‘हंसिणीची पाटी’.

माझ्या धाकट्या दिरांनीही एकदा बालकथांचं पुस्तक स्वखर्चाने काढलं होतं. गठ्ठे दिवाणाखाली मावले नाहीत, तेव्हा जाऊबाईंनी दोन गठ्ठे भिंतीशी लावून वर गोधडी घातली आणि पाहुण्यांना बसायला जागा केली. कित्येक पाहुणे वर्षानुवर्षं साहित्यावर बसून चहा पिऊन गेले. स्वखर्चाच्या पुस्तकाचं बहुधा हेच होतं. म्हणूनच ‘फादर गूज’चं यश हा नियम नसून अपवाद समजावा.

ओझ त्याच वाटेने आलं. १८९९ च्या ऑक्टोबरात हस्तलिखित पुरं झालं. ज्या पेन्सिलीने लिहिलं तिचं थोटूक बॉमने चौकटीत लावून ठेवलं. या वेळी ठसे करून घेण्याचा खर्च दोघांचा. चोवीस रंगीत चित्रं आणि पानोपानी मजकुराभोवती खेळणारी शंभरावर लहान चित्रं, ती पण प्रसंगाप्रमाणे रंग बदलणारी. १७ मे १९०० रोजी पहिली प्रत जुळली, ती बॉमने बहिणीला भेट दिली. अर्पणपत्रिकेत मात्र नाव बायकोचं. तिला त्याने जिवलग मैत्रीण आणि सोबती म्हटलं आहे. मटिल्डाबाई हे बघायला नव्हत्या. त्या १८९८ च्या मार्चमध्ये लेकीच्याच घरी गेल्या.

पहिल्या आवृत्तीच्या १०,००० प्रती ऑक्टोबरपर्यंत संपल्या आणि दुसरी १५,००० ची आवृत्तीही संपत आली. नाताळ आला तरी घरात खर्चाला पैसे नव्हते. मॉडने नवऱ्याला सांगितलं, जा, प्रकाशकाकडून शंभर डॉलर मागून आण. मागायची त्याला लाज. शेवटी गेला, चेक घेतला, न बघता खिशात घातला आणि घरी येऊन तिच्या हाती दिला. ती इस्त्री करत होती. रक्कम हजारांत होती! ती बघता बघता इस्त्रीखालचा सदरा जळाला, असं मुलाने लिहिलेल्या चरित्रात आहे. आकड्याबद्दल अभ्यासक भांडतात, सदऱ्याबद्दल कोणी भांडत नाही.

त्याच चरित्रातली आणखी एक गोष्ट. एकदा बॉम न विचारता जॅम भरलेले डझनभर गोड पाव घेऊन आला. घरात काय आणायचं हे ठरवणं मॉडचं काम. तिने काही न बोलता ते पाव सकाळी त्याच्यापुढे ठेवले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. त्याने ते कपाटात लपवले, तिने काढून वाढले. त्याने परसात पुरले, तिने उकरून, माती झटकून पुन्हा ताटलीत ठेवले. शेवटी त्याने कबूल केलं की यापुढे न विचारता खाण्याची वस्तू आणणार नाही. तरुणपणी मी वाचलं असतं तर मॉड मला कजाग वाटली असती. आता वाटत नाही. उधारीत बुडालेलं दुकान तिने पाहिलं होतं.

आणि पुढे तिची भीती खरी ठरली. १९०२ मध्ये हिल कंपनी बुडाली. त्याच वर्षी ओझवर संगीत नाटक आलं आणि तुफान चाललं, पण त्याच्या उत्पन्नाच्या वाट्यावरून बॉम आणि डेन्स्लो यांचं फाटलं. (डेन्स्लोने बर्म्युडात एक बेट घेतलं आणि स्वतःला राजा म्हणवून घेतलं. कलावंत!) बॉम पुढचे भाग लिहीत राहिला, शिवाय ‘एडिथ व्हॅन डाइन’ अशा बाईच्या नावाने मुलींसाठी कादंबऱ्याही लिहू लागला. त्याही चांगल्या खपत.

१९०८ मध्ये त्याने आपल्या पुस्तकांच्या प्रचारासाठी एक अचाट खेळ काढला. हाताने रंगवलेली चित्रफीत, काचेच्या रंगीत स्लाइड्स, समोर वादकांचा ताफा, आणि पांढऱ्या पोशाखात स्वतः लेखक रंगमंचावर उभा राहून ओझची हकिकत सांगतो आहे. प्रोजेक्टर सांभाळायला थोरला मुलगा फ्रँक. सप्टेंबरात ग्रँड रॅपिड्सला सुरुवात झाली, डिसेंबरात न्यूयॉर्कला खेळ बंद पडला. लोक येत होते, टाळ्या वाजवत होते. पण तिकिटाच्या पैशातून एवढ्या लवाजम्याचा खर्च निघेना. कर्ज इतकं झालं की आपल्या सर्वांत गाजलेल्या पुस्तकाचं उत्पन्नही त्याला देणेकऱ्यांकडे सोडावं लागलं. १९११ च्या जूनमध्ये त्याने दिवाळं जाहीर केलं. मालमत्ता म्हणून त्याच्या नावावर कपडे, एक टाइपरायटर आणि काही पुस्तकं, एवढंच होतं. बाकीचं मॉडच्या नावावर, म्हणून घर वाचलं. हॉलिवूडमधलं ‘ओझकॉट’ हे घर १९१० मध्ये उभं राहिलं ते मॉडला आईकडून आलेल्या पैशातून. लेकीने नाटकवाल्याशी लग्न करू नये म्हणणाऱ्या मटिल्डाबाईंच्या पैशाने त्या नाटकवाल्याच्या डोक्यावर छप्पर दिलं!

१९१० मध्ये ओझची मालिका बंद करायची असं ठरवून त्याने ‘द एमराल्ड सिटी ऑफ ओझ’ लिहिलं होतं. पण दुसऱ्या गोष्टी तेवढ्या खपेनात, म्हणून १९१३ पासून पुन्हा ओझ. दर वर्षी एक. सकाळी बागेत डेलिया आणि शेवंतीची मशागत, मग लेखन, मग मुलांच्या पत्रांना उत्तरं. १९१४ मध्ये सिनेमाची कंपनी काढली, तीही चालली नाही, पण या वेळी पैसा दुसऱ्यांचा होता. हा फरक मॉडने केला असणार, असं आपलं माझं मत.

६ मे १९१९ रोजी बॉम गेला. शेवटचं ‘ग्लिंडा ऑफ ओझ’ १९२० मध्ये छापलं गेलं. प्रकाशकांनी मॉडच्या संमतीने मालिका पुढे चालू ठेवायचं ठरवलं आणि फिलाडेल्फियाच्या रूथ प्लमली थॉम्प्सन नावाच्या तरुणीला काम दिलं. ती एका वर्तमानपत्राचं मुलांचं पान सांभाळत होती. १९२१ ते १९३९ पर्यंत दर वर्षी एक, अशी तिने एकोणीस पुस्तकं लिहिली. प्रत्येकातून काही रक्कम मॉडला जात असे. उरलेल्यात थॉम्प्सन आपली विधवा आई आणि आजारी बहीण यांचं घर चालवत होती.