ओळख परेड : साक्षीदाराची नजर आणि नोंदीची विश्वासार्हता

भिलाईतील कामगार चळवळीचे नेते शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे, झोपेत असताना, खिडकीतून गोळी झाडून हत्या करण्यात आली. मारेकऱ्याला गोळी झाडताना पाहिलेला साक्षीदार खटल्यात नव्हता. साहजिकच खटल्याचा भार न्यायालयाबाहेरील कबुली, हत्यार आणि परिस्थितिजन्य दुवे यांच्यावर पडला. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने एकाच आरोपीला जन्मठेप दिली. इतरांची सुटका कायम राहिली. अशा वेळी 'कोणी पाहिले असते तर' हा विचार स्वाभाविकपणे मनात येतो. तथापि पाहणाऱ्याची नजर हा स्वयंसिद्ध पुरावा नव्हे, हेच ओळख परेडीच्या इतिहासातून दिसून येते.

मराठी समाजाला हा प्रश्न आधुनिक पोलीस यंत्रणेच्या पूर्वीपासून परिचित आहे. पानिपतावर १७६१ साली नाहीशा झालेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने उभ्या राहिलेल्या तोतयाने १७७६ साली कोकणात बंड केले. त्याला 'भाऊसाहेब' मानणारे सारेच लबाड नव्हते. भाऊ परत यावेत ही आसही त्या ओळखीत मिसळलेली होती. पुण्यात चौकशी होऊन त्याला मृत्युदंड देण्यात आला. न. चिं. केळकरांच्या 'तोतयाचे बंड' या नाटकाचा विषय हाच. ओळखणे ही केवळ डोळ्यांची क्रिया नसून अपेक्षेचीही असते, हे त्या प्रकरणाचे मर्म होय.

१८७२ च्या पुरावा कायद्याने कलम ९ मध्ये ओळख प्रस्थापित करणाऱ्या वस्तुस्थितीला स्थान दिले. १ जुलै २०२४ पासून ती तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ७ मध्ये आहे. मात्र न्यायालयात पटवलेली ओळख हाच मूळ पुरावा असून परेड केवळ त्याला पुष्टी देते. ही पुष्टी कोणी नोंदवावी, हा वाद मुंबईतील लॉइड्स बँकेच्या दरोड्यात उभा राहिला. २० एप्रिल १९५१ च्या त्या प्रकरणात पोलिसांनी पंचांसमक्ष परेडी घेतल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली असे ठरवले की, पोलीस पूर्णतः बाजूला होऊन परेड केवळ पंचांच्या हाती नसेल, तर साक्षीदाराचे बोट दाखवणे हेदेखील पोलिसांपुढील जबाबच ठरते आणि तो पुष्टीसाठी वापरता येत नाही. बोटाच्या निर्देशाला येथे विधानाचा दर्जा मिळाला, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकानेही लक्षात घेण्यासारखी आहे.

मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेतील सूचना या जाणिवेशी सुसंगत आहेत. एका संशयितासोबत त्याच्यासारखी दिसणारी सुमारे सहा माणसे उभी करावीत. संशयिताला आपली जागा निवडू द्यावी. साक्षीदारांनी त्याला आधी पाहिलेले नसावे. पोलीस तेथे नसावेत. 'राजेश गोविंद जगेशा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या प्रकरणात हा कस लागला. घटनेच्या वेळी दाढी व लांब केस असलेल्या आरोपीशी साम्य असणारा कोणीही रांगेत नव्हता, शिवाय परेडीला पाच आठवड्यांहून अधिक विलंब झाला होता. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या परेडीवर विसंबण्यास नकार दिला.

आधुनिक मानसशास्त्र याचे कारण सांगते. साक्षीदार पुष्कळदा स्मृतीतील चेहरा शोधत नाही. समोरच्या रांगेत त्या चेहऱ्याच्या सर्वांत जवळचा कोण, हे ठरवतो. खरा गुन्हेगार रांगेत नसला तरी कोणीतरी 'जवळचा' असतोच, आणि त्याचे आयुष्य पणाला लागते. म्हणूनच 'गुन्हेगार येथे नसूही शकेल' असे साक्षीदाराला आधी सांगणे, संशयित कोण हे परेड घेणाऱ्यालाही ठाऊक नसणे आणि साक्षीदाराची खात्री त्याच क्षणी त्याच्याच शब्दांत नोंदवणे, हे उपाय सुचवले गेले. आपल्या पद्धतीत पोलीस दूर ठेवले गेले. परंतु परेड घेणारा दंडाधिकारी सामान्यतः संशयिताला ओळखतो, ही फट उरतेच.

न्यायालयासमोर अखेर येतो तो पंचनामा : कोण उभे होते, कोणत्या क्रमाने, कोणत्या वेषात. साक्षीदाराच्या स्मृतीची पारख या मजकुरावरूनच होते. त्यातील 'सारख्या दिसणाऱ्या सहा इसमांना उभे केले' हे ठरीव वाक्य खरे आहे की केवळ रूढीने लिहिलेले, यावर एखाद्याचे स्वातंत्र्य अवलंबून असते. नजर सुधारता येत नाही. रांग आणि नोंद मात्र सुधारता येतात.