घडीचा चाकू: कोणता घ्यावा, कसा वापरावा आणि वसईत कुठे नेऊ नये?

'रोज खिशात काय काय ठेवतो' अशा व्हिडिओंमध्ये मोबाईल, पॉवर बँक, इअरबड्स आणि त्यांच्या शेजारी हमखास एक चकचकीत घडीचा चाकू असतो. इंग्रजीत या प्रकाराला 'एव्हरीडे कॅरी' म्हणतात, थोडक्यात ईडीसी. व्हिडिओ बघून आपल्यालाही वाटतं की असा एक चाकू पाहिजे. ट्रेकला कामाला येईल, पावसाळ्यात अडकलो तर उपयोगी पडेल.

वाटण्यात चूक काही नाही. पण कोणता चाकू घ्यायचा, त्याने काय करायचं आणि तो कुठे न्यायचा नाही, हे व्हिडिओवाले सांगत नाहीत. वसई, नालासोपारा, विरारच्या पोरांसाठी तर शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. का ते पुढे कळेलच.

घडीचा चाकू म्हणजे नक्की काय?

ज्या चाकूचं पातं मुठीत दुमडून बसतं तो घडीचा चाकू. पातं आत गेल्यामुळे वेगळं म्यान लागत नाही आणि तो खिशात मावतो. आपल्याकडे ही गोष्ट नवीन नाही. जुन्या हिंदी सिनेमातला रामपुरी हा घडीचाच चाकू. पण तो मारामारीचा. आपण बोलतोय ते कामाच्या चाकूबद्दल: दोरी, खोकं, पट्टी, फळ कापणारा.

बाजारात साधारण हे प्रकार मिळतात:

१. तुकडे मोडणारा कटर: स्टेशनरीच्या दुकानात मिळतो तोच. धार गेली की पुढचा तुकडा मोडायचा, नवी धार तयार. जपानमध्ये योशिओ ओकादा यांनी १९५६ मध्ये ही युक्ती काढली. फुटलेल्या काचेची धार आणि चॉकलेटच्या वडीवरच्या मोडायच्या रेघा, या दोन गोष्टींवरून त्यांना ती सुचली. त्यांच्या कंपनीचं नाव ओल्फा. पातं साधारण ९ किंवा १८ मिलिमीटर रुंदीचं असतं. पार्सल उघडायला हाच बेस्ट.

२. बदलत्या पात्याचा घडीचा कटर: यात समलंब आकाराचं छोटं पातं बसवतात आणि बोथट झालं की काढून दुसरं टाकतात. इंटिरियरवाले, फ्लेक्स लावणारे, वायरमन यांच्याकडे हा दिसतो. धार लावायची कटकट नाही.

३. स्विस आर्मी चाकू: कार्ल एल्सेनर यांनी १८८४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावात कारखाना काढला. १८९१ पासून ते तिथल्या सैन्याला चाकू देऊ लागले. पातं, स्क्रू ड्रायव्हर, डबा उघडायचं हत्यार असं सगळं त्या सैनिकी चाकूतच होतं, आणखी हत्यारं असलेलं अधिकाऱ्यांचं मॉडेल १८९७ मध्ये आलं. तीच कंपनी आज व्हिक्टोरिनॉक्स नावाने ओळखली जाते.

४. मल्टिटूल: इथे मुख्य हत्यार पक्कड, चाकू जोडीला. अमेरिकेच्या टिम लेदरमन यांनी १९८३ मध्ये हा प्रकार बाजारात आणला. बाईक किंवा सायकलवाल्यांना चाकूपेक्षा हा जास्त कामाचा.

५. रेस्क्यू टूल: सीटबेल्ट कापायचं आकडीसारखं पातं आणि काच फोडायचं टोक. हे गाडीत ठेवायचं, खिशात नाही.

लॉक बघा, मगच घ्या

घडीच्या चाकूने होणाऱ्या जखमांचं एक मोठं कारण म्हणजे पातं अचानक मिटणं. म्हणून दिसण्याआधी लॉक बघायचं.

- लॉक नसलेला: आत फक्त स्प्रिंगचा दाब असतो. साधे स्विस चाकू असेच. फळ, दोरी, कागद यांना पुरेसा. पण टोक कशात खुपसून जोर लावला तर पातं बोटांवर मिटू शकतं.
- लायनर लॉक: मुठीच्या आतली पातळ पट्टी सरकून पात्याच्या मागे अडते. पट्टी बाजूला ढकलल्याशिवाय पातं मिटत नाही.
- बॅक लॉक: मुठीच्या पाठीवर खटका असतो, तो दाबला की पातं सुटतं. मिटवताना बोटं धारेच्या वाटेत येत नाहीत, म्हणून नवख्यांना हा बरा.
- फिरती कडी: फ्रान्सच्या ओपिनेल चाकूवर धातूची कडी फिरवून पातं अडवतात. १९५५ पासूनची सोय, साधी आणि भरवशाची.

बटण दाबताच झटकन बाहेर येणारे आणि फुलपाखरासारखे हातात फिरवायचे चाकू घेऊच नका. कामाला त्यांचा काडीचा उपयोग नाही आणि पोलिसांनी बघितलं तर 'भाजी कापायला घेतला होता' हे कोणालाही पटणार नाही.

वसईच्या खाऱ्या हवेत कोणतं स्टील?

स्टीलमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असलं की ते स्टेनलेस. पण स्टेनलेस म्हणजे कधीच न गंजणारं असं नाही. पाचूबंदर, अर्नाळा, नायगाव या किनारपट्टीला राहणाऱ्यांना हे सांगायला नको, तिथे खिडकीचे गज आणि सायकलची चेनसुद्धा लवकर गंजते.

कार्बन स्टीलला धार छान बसते, पण दमट हवेत ते पटकन गंजतं. स्टेनलेसला गंज कमी. त्यामुळे बॅगेत किंवा आपत्कालीन किटमध्ये महिनोन्‌महिने पडून राहणारा चाकू स्टेनलेसचाच घ्या. वापरल्यावर गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण कोरडा करा आणि सांध्यात मशीन ऑइलचा एक थेंब सोडा.

स्टीलचा कडकपणा 'एचआरसी' या आकड्यात सांगतात. साध्या चांगल्या चाकूला ५५ ते ५८ पुरे. आकडा वाढला की धार जास्त टिकते, पण घरच्या दगडावर लावणं अवघड जातं आणि पात्याचा टवका उडू शकतो. ऑनलाइन वर्णनात नुसतं 'हाय क्वालिटी स्टील' लिहिलं असेल आणि स्टीलचं नाव नसेल, तर समजून जा.

आता मुद्द्याची गोष्ट: कायदा काय म्हणतो?

'९ इंचांपेक्षा लहान चाकू असेल तर काही प्रॉब्लेम नाही', हा मेसेज तुम्हीही वाचला असेल. तो अर्धाच खरा आहे.

शस्त्र नियम: शस्त्र कायदा १९५९ चा आणि आताचे नियम २०१६ चे. या नियमांच्या यादीत ९ इंचांपेक्षा (सुमारे २३ सेंटिमीटर) लांब किंवा २ इंचांपेक्षा (सुमारे ५ सेंटिमीटर) रुंद पात्याचे चाकू शस्त्र म्हणून येतात. घरकाम, शेती, विज्ञान किंवा उद्योगासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. म्हणून घरातली विळी आणि वाडीतला कोयता यात येत नाहीत. खिशातला चाकू या मापापेक्षा खूपच लहान असतो. इथपर्यंत मेसेज बरोबर.

जमावबंदीच्या काळातले आदेश: महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७(१) नुसार पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी ठरावीक काळासाठी शस्त्रं बाळगायला मनाई करू शकतात. या कलमात चाकूचं नाव स्पष्ट आहे आणि इंचांची कुठलीही मर्यादा नाही. सण, निवडणूक, मोर्चे यांच्या आसपास असे आदेश निघतात. १ ऑक्टोबर २०२० पासून वसई-विरारला मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे शहरापुरते हे आदेश तिथून येतात. अशा काळात चाकू घरीच ठेवायचा.

तुंगारेश्वर: वसईच्या बहुतेक पोरांना हे माहीतच नसतं. तुंगारेश्वर हे २००३ पासून अभयारण्य आहे, सुमारे ८५ चौरस किलोमीटरचं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ३१ नुसार लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही. आणि त्या कायद्यात शस्त्राची जी व्याख्या आहे, तिच्यात बंदूक, सापळा, जाळं यांच्याबरोबर चाकूही आहे! म्हणजे ज्या ट्रेकसाठी तुम्ही चाकू घेताय, त्याच ट्रेकला तो न्यायला मनाई असू शकते. फांद्या तोडून शेकोटी करणं तर दूरच राहिलं. जायचंच असेल तर गेटवर वनरक्षकाला आधी विचारा, तो 'ठेवून जा' म्हणाला तर ठेवून जा. पोळी-भाजीच्या डब्याला चाकू लागत नाही.

विमान आणि मेट्रो: विमानात केबिन बॅगेत चाकू चालत नाही, चावीच्या जुडग्यातला छोटासुद्धा. तो चेक-इन बॅगेत टाका. मेट्रोतही बॅग तपासली जाते, तेव्हा वाद घालण्यापेक्षा नेऊच नका.

परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी: तिथले नियम वेगळे. ब्रिटनमध्ये ३ इंचांपर्यंत धारेचा, लॉक नसलेला घडीचा चाकू कारणाशिवाय बाळगता येतो. लॉक असलेला असेल तर योग्य कारण दाखवावं लागतं.

आणि एक लक्षात ठेवा, वेबसाईटवर विकायला आहे म्हणजे कुठेही न्यायला मोकळीक आहे, असं होत नाही.

'सेफ्टीसाठी ठेवतो' हा विचार सोडा

लोकलमधली भांडणं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. सीटवरून, दारात उभं राहण्यावरून सुरू होतात आणि पुढच्या स्टेशनला विसरली जातात. तेच भांडण खिशात चाकू असताना वेगळं वळण घेऊ शकतं. धोकादायक हत्याराने इजा केली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ११८ लागतं. त्यातून झटापटीत चाकू कोणाच्या हातात जाईल याची खात्री नसते. संकटात पळा, ओरडा, ११२ ला फोन लावा. चाकू हे कामाचं हत्यार आहे, तेवढंच राहू द्या.

पूर आला तर किटमध्ये चाकूचा नंबर कितवा?

९ आणि १० जुलै २०१८ आठवतो? वसई-विरार पाण्याखाली होतं, लोकल बंद होत्या, नालासोपारा भागात अडकलेल्या गाड्यांमधल्या प्रवाशांना एनडीआरएफने बाहेर काढलं. अनेक भागांत वीज नव्हती. त्या वेळी लोकांना काय हवं होतं? पिण्याचं पाणी, उजेड, चार्ज असलेला फोन आणि औषधं. चाकू त्यानंतर येतो.

म्हणून घरच्या किटचा क्रम असा लावा:

१. पिण्याचं पाणी आणि कोरडं खाणं
२. टॉर्च आणि भरलेली पॉवर बँक
३. रोजची औषधं, ओआरएस, प्रथमोपचाराचं सामान
४. शिट्टी (आवाज बसतो, शिट्टी बसत नाही)
५. कागदपत्रं, वॉटरप्रूफ पिशवीत
६. दोरी, चिकटपट्टी आणि मग घडीचा चाकू किंवा मल्टिटूल

चाकूचं काम इथे साधं असतं: दोरी कापणं, ताडपत्री बेतणं, जखमेसाठी कापड फाडणं, पाकीट उघडणं.

गाडी असेल तर रेस्क्यू टूल मात्र जरूर ठेवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा बंद गाड्यांत अडकूनही माणसं गेली. पाणी चढायला लागलं की आधी बेल्ट सोडा किंवा कापा, मग बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर टोक मारा. पुढच्या मोठ्या काचेवर वेळ घालवू नका, तिच्यात मधे प्लास्टिकचा थर असतो, ती तडकते पण सुटत नाही. हे टूल डिकीत नको, ड्रायव्हरच्या हाताशी हवं.

चाकूने हे कधीच करू नका

- साप चावल्यावर जखम चिरणं. सिनेमात दाखवतात ते चूक आहे. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग वाढतो, विष बाहेर येत नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवर प्रतिविष उपलब्ध आहे. माणसाला शांत ठेवा, हातपाय हलवू देऊ नका, थेट हॉस्पिटल गाठा. ॲम्ब्युलन्ससाठी १०८.
- फुगलेला मोबाईल उचकटणं. बॅटरीत टोक घुसलं तर आग लागू शकते. दुकानातले लोक प्लास्टिकची पट्टी वापरतात ती उगाच नाही.
- वायर कापणं. पाणी साचलेलं असताना तर अजिबात नाही. धातूची मूठ म्हणजे करंटला सरळ रस्ता.
- चाकूचा स्क्रू ड्रायव्हर करणं. टोक मोडतं आणि उडतं.

धार आणि वापर

बोथट चाकू जास्त धोकादायक, कारण जोर लावावा लागतो आणि मग तो घसरतो. साधारण १००० ग्रिटचा दगड घ्या, पाण्याने ओला करा, पातं २० अंशांच्या आसपास कललेलं ठेवा आणि दोन्ही बाजूंनी सारखे हात मारा. जमत नसेल तर गल्लीत येणाऱ्या धारवाल्याकडून पाजवून घ्या.

कापताना धार नेहमी अंगापासून लांब. दुसऱ्याला देताना मिटवून द्या. पडत असेल तर पडू द्या, झेलायला जाऊ नका. लहान भावंडांच्या हाताला लागेल असा ठेवू नका.

मग घ्यावा की नाही?

रोज पार्सलं उघडायची असतील तर साधा कटर पुरे. बाईक असेल तर मल्टिटूल, कार असेल तर त्यात रेस्क्यू टूल. घरच्या किटमध्ये एक लहान, स्टेनलेसचा घडीचा चाकू असावा. रोज खिशात घालून लोकलने फिरायची गरज मात्र बहुतेकांना नसते. घराबाहेर काढताना स्वतःला एवढंच विचारा: आज याने नक्की काय कापायचं आहे? उत्तर नसेल तर चाकू ड्रॉवरमध्येच बरा.